पाणकणसातली बदकं

३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक, एक बाबा सोडून. माझ्या लाँड्रीमागची पाणथळ आटत चाललीय. फिरायच्या वाटेच्या कडेचं पाणकणसाचं उंच गवत कुजून काळं पडलंय आणि बदकं मरताहेत. पशुवैद्य म्हणाले, कुजक्या पाण्यातलं विष आहे. आधी पंख लुळे पडतात, मग मान. मान उचलता येत नाही म्हणून बदक वीतभर पाण्यात बुडतं. वेळेत काढून चांगलं पाणी पाजलं तर एखादं वाचतं, एवढं बाबांनी ऐकलं मात्र! रोज गमबूट चढवून थेट चिखलात. काढलेली बदकं तिथल्या रखवालदाराच्या खोलीत नेऊन ठेवतात. मी रागावले तर म्हणतात, जन्मभर मान खाली घालून कपडे शिवले, आता दुसऱ्याची मान वर धरू दे.

त्यांची साखर वाढलीय. तुझं ऐकतील. चार शब्द लिही.

तुझी छोटी

९ मे

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

बाबा माझं ऐकतील? तू अजून भोळीच! सांगत बसू नकोस, सरळ गमबूट लपव. बूट नाहीत तर चिखल नाही. वर सांग, बदकांना पोहता येतं, तुम्हाला नाही.

गिरणीत दुहेरी पाळी चालू आहे. रजेचं नाव काढलं की मुकादम अंगावर येतो. महिनाअखेर नक्की येतो. जपून राहा.

तुझा दादा

२६ मे

ती. दादास,

गिरणीत दोनदा फोन केला. मुकादमाने निरोप दिलेला दिसत नाही. बाबा परवा गेले.

गमबूट मी कपाटावर लपवले. बाबा दुसऱ्या दिवशी अनवाणी गेले. चिखलात काच होती. जखम झाकायला घरातही मोजे घालून बसायचे. मला कळलं तोवर पाय काळानिळा झाला होता. विष रक्तात भिनलं, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीत होते तोवर विचारत राहिले, आता बदकं कोण काढतं. मी काढते म्हटलं.

काल मी पाणथळीकडे गेले तर वाट बंद करून साखळी लावलेली. रखवालदार खोलीबाहेर बसला होता. मान वर न करता म्हणाला, म्हाताऱ्याने आणलेल्यांतलं एकही जगलं नाही. बाबा रोज आल्या आल्या कालच्या बदकाचं विचारायचे, मग तोही रोज सांगायचा, बरं झालं, उडून गेलं. मला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

बुटांची युक्ती तुझी, हे कोणाला सांगितलेलं नाही. लपवले मीच. उत्तर लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीने निघ. माझ्यावरचा लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी छोटी