पहिली गोळी कोणाची

२० ऑक्टोबर १९६५

तीर्थरूप बाबा, लवूचं डोकं तुमच्या पायांवर.

मी बरा आहे. लढाई थांबून महिना होत आला. आता दिवसभर खंदक खणतो आणि रायफल पुसतो. वाळू फार, भातातही येते. आयेने दिलेली कोकमाची सोलं पुरवून पुरवून खातो.

परशुरामकाकांशी तुमचा वाद झाला, म्हणून विचारलंत की जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल चांगली की नवी एसएलआर. जुनीचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागतो, पण ती वाळूतही रुसत नाही. नवीचा नुसता चाप दाबत राहायचं. मात्र एक दिवस पुसायची राहिली तर अडकते. आपल्या ठासणीच्या बंदुकीचे छर्रे खाऊन डुक्कर पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडे पळतो. या दोन्हींच्या गोळीने जागीच बसेल.

पुढचं आयेला वाचून दाखवू नका. एका सकाळी बाभळींतून एक माणूस आमच्या अंगावर धावत आला. आम्ही तिघांनी गोळ्या झाडल्या, दोन जुन्या रायफली, एक नवी. तो तिथेच पडला. सुभेदारांनी विचारलं, पहिली गोळी कोणाची? गावच्या शिकारीत पहिली गोळी ज्याची त्याला डुकराचं डोकं, म्हणून तुम्ही आणि काका "पयली गोळी माजी" म्हणून सांज होईपर्यंत भांडता. आम्ही तिघेही गप्प राहिलो.

भात कापून झालं का? आयेचा गुडघा कसा आहे?

काकांना सांगा, नवी चांगली. पहिली गोळी तिचीच होती. ती माझ्या हातात होती.

तुमचा दमलेला,
लवू