चारचं तापमान

मंगळवार, संध्याकाळ. पावस

सकाळी अकरालाच वहीत दुपारी चारचं तापमान लिहिलेलं दिसलं. आमरसाचे डबे पुरेसे उकळले की नाही, हे आमच्या कारखान्यात याच आकड्यांवरून ठरतं. वही भरणाऱ्या सुलभाताईंना विचारलं, तर हसल्या. "रोज तेवढंच तर असतं, दादा! दुपारी हात रसाने बरबटतात, वही खराब होते ओ."

आणि मी? रोज तेच आकडे कॉम्प्युटरवर चढवतो, खाली सही ठोकतो. चारचं तापमान, अकराला! डबे कच्चे राहिले असतील तर? लहान मुलं खातात तो रस.

शेवटी मालकांना फोन केला. "डब्यांची गाडी थांबवा."

"कुठली?" त्यांनी विचारलं.

एकाही गाडीची खात्री देता येईना.