कारखान्यावर, दोन हजार फूट

११ फेब्रुवारी, मंगळवार

आरोही गेली. सकाळी दहा-सोळाच्या सुमाराला.

दोन विमानं हवेतच एकमेकांना धडकली. दोन्ही आमच्या उड्डाण अकादमीचीच. एवढ्या मोठ्या आभाळात त्या वेळी दोनच विमानं होती!

आरोही एकटी होती, तिचं सहावं सोलो. दुसऱ्यात शिकवणारे कॅप्टन बत्रा आणि विद्यार्थी सार्थक. बत्रांनी मोडकं विमान कसंबसं एका द्राक्षबागेत उतरवलं. सार्थकच्या कमरेचं हाड मोडलंय, पण दोघं जिवंत आहेत. आरोहीच्या विमानाचं शेपूटच तुटलं. ती सरळ खाली आली.

मी रेडिओच्या खोलीत होते. ती पडली तिथे जीपमधून पोचले तर माणसांची ही गर्दी! आणि प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाईल. एक जण तर कडेवर पोर घेऊन शूटिंग करत होता. दुसऱ्याने पत्र्याचा तुकडा उचलून शर्टात घातला. मी ओरडले तर म्हणाला, आठवण राहील म्हणून घेतलाय. तिला कोणीतरी चादर घातली होती, तीही वाऱ्याने उडत होती. मीच कडेला चार ढेकळं ठेवली.

घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

१२ फेब्रुवारी

आमच्याकडे विमानांना सूचना देणारा टॉवर, म्हणजे एटीसी, नाही. निफाडच्या बाजूची ही खासगी धावपट्टी. वैमानिकांनीच रेडिओवर सांगायचं — मी अमुक ठिकाणी, इतक्या उंचीवर — आणि डोळे उघडे ठेवून उडायचं. माझं काम वारा सांगणं आणि वहीत नोंद करणं. भाऊंनी — म्हणजे आमच्या मालकांनी, सगळे त्यांना भाऊच म्हणतात — मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मोहिनी, तू एटीसी नाहीस, विमानांच्या मधे तोंड घालायचं नाही, काही झालं तर अंगाशी येतं.

वहीत काल माझ्या अक्षरात हे आहे :

१०.१४ — बत्रा, पश्चिमेकडून येतोय, दोन हजार फूट.
१०.१५ — आरोही, ओव्हर फॅक्टरी, दोन हजार फूट, फील्डकडे वळतेय.
१०.१५ — बत्रा, कॉपीड, नो कॉन्फ्लिक्ट.

कॉपीड म्हणजे ऐकलं, नो कॉन्फ्लिक्ट म्हणजे आपण एकमेकांच्या वाटेत नाही. जे ऐकलं ते लिहिलं.

आज मीटिंग झाली. भिंतीवरच्या नकाशात 'फॅक्टरी' धावपट्टीच्या पूर्वेला दाखवलीय, धुराड्याचं चित्र काढून. आरोही सापडली पश्चिमेला. म्हणजे पोरीने ठिकाणच चुकीचं सांगितलं! बत्रा हॉस्पिटलच्या खाटेवरून तेच म्हणाले म्हणे : ती पूर्वेला आहे असं समजून मी लांब पूर्वेकडे बघत होतो, डोळ्यांवर ऊन होतं, ती माझ्या नाकासमोर असेल असं वाटलंच नाही. भाऊंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "विद्यार्थिनीची चूक. विषय संपला." मग ज्यूस मागवला. सगळे प्याले. मीही प्याले.

१३ फेब्रुवारी

गेटवर फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आरोहीचा फोटो जाहिरातीतलाच, अंगठा वर केलेला. बाजूला भाऊंचा फोटो, तिच्यापेक्षा मोठा. आणि खाली, शपथेवर सांगते, 'नवीन बॅचचे प्रवेश सुरू', दोन मोबाईल नंबर!

मी जाऊन म्हटलं, भाऊ, ती खालची ओळ तरी काढा. म्हणाले, प्रिंटरवाल्याने जुनी फाईल वापरली, बघू. बघू म्हणजे नाही, हे मला नऊ वर्षांत कळलंय.

 

१४ फेब्रुवारी

आज एक कागद फिरला. 'नकाशातील सर्व ठिकाणांची माहिती आम्हाला देण्यात आली आहे.' तारीख — ३ फेब्रुवारी! पोरांनी मुकाट सह्या केल्या. त्यांची तरी काय चूक, लायसन्स भाऊंच्या हातात. आरोहीच्या नावापुढे रिकामी जागा होती. तिथे काय करणार आहेत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला कागद फाईल करायला दिला. मी केला नाही. टेबलावर ठेवून तशीच घरी आले.

१५ फेब्रुवारी

पेपरात बातमी. 'शिकाऊ वैमानिक तरुणीच्या चुकीने अपघात'. खाली भाऊंचं कौतुक, तिच्या गुणांची आठवण सांगताना गहिवरले म्हणे. मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत होती तेव्हा गणवेश नीट नाही म्हणून तिला उन्हात उभी केली होती ह्याच माणसाने.

१६ फेब्रुवारी, रविवार

विंचूरला जाऊन आले. तिचे वडील हिरामणअण्णा, कांद्याचे व्यापारी. ओट्यावर माणसं बसली होती. आत सविताताई, आरोहीची आई, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. अण्णांनी मला ओळखलं. पहिल्या सोलोला ते पेढे घेऊन आले होते, तेव्हा सगळ्यात आधी मला दिले होते.

 अण्णांनी पेपर पुढे सरकवला.

"ताई, हे म्हणत्यात ती कारखान्यावर नव्हतीच. मंग मी तिला उचललं कुठून? पाठीमागं कारखान्याचीच भिंत व्हती ना."

एवढंच बोलले. मग म्हणाले, गेली ती गेली, ते नशीब. पण चुकली म्हणू नये कोणी. ती लय बारकाईनं करायची सगळं.

मी मान हलवली. चहा पुढे आला, तो तसाच ठेवून निघाले.

१७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, म्हणजे माझंही डोकं नीट होईल.

आमच्या भागात 'कारखाना' म्हणजे नदीकडचा, पश्चिमेचा, बंद पडलेला. आत बाभळी माजल्यात, पत्रे कधीच चोरीला गेलेत. पण नाव त्याचंच. एसटीचा थांबा कारखाना, शाळा कारखान्याची, दवाखाना कारखान्यावरचा. पूर्वेला जो नवा चालू आहे, धूर सोडतो, त्याला कुणीही कारखाना म्हणत नाही. ती 'कंपनी'. कँटीनच्या सरुबाईला आज विचारलं तर ती मलाच हसली. "कंपनी ती कंपनी. कारखाना म्हंजी कारखाना. येवढं बी ठाव नाय व्हय तुमाला?"

नकाशा काढला बाहेरून आलेल्या कॅप्टनांनी. त्यांना वरून धुराडं दिसलं, त्यांनी लिहिलं फॅक्टरी. बंद कारखाना त्यांच्या लेखी नुसतं रान. आरोही इथली. तिने कारखान्याचं इंग्रजी केलं, फॅक्टरी. ती जिथे होती तेच तिने सांगितलं! आणि सीनियर माणूस रेडिओवर 'नो कॉन्फ्लिक्ट' म्हणाल्यावर एकोणीस वर्षांची पोर काय उलट बोलणार? तिला वाटलं, सरांना मी दिसतेय.

आणि भाऊ? भाऊंचे वडील त्याच बंद कारखान्यावर संचालक होते. भाऊ ड्रायव्हरला 'कारखान्याकडून घे' म्हणतात, तेव्हा गाडी नदीकडेच वळते. त्या मीटिंगमध्ये त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून पेन खाली ठेवलं.

माहीत असून गप्प बसणाऱ्या माणसाइतकं घाण काही नाही.

१८ फेब्रुवारी

वीट आलाय. फक्त हजेरीची सही करते आणि येते.

२० फेब्रुवारी

अपघाताच्या चौकशीचे साहेब आले. मुंबईहून, बुटके, मफलर गुंडाळलेले, निफाडच्या थंडीने गारठलेले. भाऊंनी त्यांच्यासाठी काय काय मांडलं होतं! द्राक्षं, काजू, शाल. साहेबांनी शालीकडे बघितलंही नाही. वही मागितली. मी दिली. त्यांनी माझ्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. सोमवारी माझा जबाब.

संध्याकाळी भाऊंनी बोलावलं. अगदी गोड आवाजात. मोहिनी, तू घरचीच आहेस. तुला विचारतील तेवढंच सांग. पोरगी तर परत येणार नाही, निदान इथली साठ माणसं तरी पोटाला लागू देत.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा अजून झटकावासा वाटतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केलं!

जबाबाच्या आधी साहेबांना म्हटलं, तासभर माझ्याबरोबर एसटीत बसता का? ते गोंधळले, पण आले. गेटसमोर एसटी थांबवली. मी साहेबांना म्हटलं, मी बोलत नाही, तिकीट तुम्हीच काढा. ते त्यांच्या मुंबईच्या मराठीत म्हणाले, दोन फॅक्टरी. कंडक्टर म्हणाला, "कारखाना का? बसा."

अठरा मिनिटांनी त्याने आम्हाला नदीकाठी उतरवलं. समोर गंजलेलं फाटक, आत बाभळी. एक शेळी भिंतीवर चढलेली. साहेब मागे वळून लांब पूर्वेला कंपनीचं धुराडं बघत राहिले. मग तिकिटाचा फोटो काढला, फाटकाचा काढला. आरोही पडली ती जागा मी दाखवली. तिथे त्यांनी बूट काढले. एवढ्या दिवसांत माणसासारखं वागलेला हा पहिलाच.

मग जबाब. मागच्या तारखेचा कागदही सांगितला. शेवटी त्यांनी विचारलं, हा दोन फॅक्टऱ्यांचा घोटाळा तुमच्या लक्षात कधी आला? म्हटलं, सोळा तारखेला, विंचूरला, तिचे वडील बोलले तेव्हा. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

२५ फेब्रुवारी

कामावर येऊ नकोस, असा भाऊंचा निरोप आला. सरुबाईच्या हातून पाठवला, स्वतः फोन करायची लाज वाटली असेल. नाही, लाज कसली त्यांना!

३ मार्च

प्राथमिक अहवाल आला. आरोहीची चूक नाही. तिने सांगितलेलं ठिकाण स्थानिक वापराप्रमाणे बरोबर. दोष नकाशाचा आणि अकादमीचा. उड्डाणं बंद. फ्लेक्स रातोरात उतरला.

पेपरात माझं नाव, 'धाडसी महिला कर्मचारी'. शेजारच्या पुतळाबाई कात्रण घेऊन आल्या. सगळ्या गल्लीत दाखवलं. मी पंख्याखाली बसून राहिले.

६ मार्च, गुरुवार

अण्णा आणि सविताताई आले होते. सविताताई पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या म्हणे. त्यांनी मला पाटावर बसवलं. नको म्हटलं तरी ओटी भरली — खण, नारळ, तांदूळ.  म्हणाल्या, "माझ्या लेकीवरचा डाग तुम्ही पुसला. दुसरं कोण बोललं असतं?"

आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना धरलं. सोडलंच नाही बराच वेळ. त्यांना वाटलं मी आरोहीसाठी रडतेय.

७ मार्च

सोळा तारखेला नाही. अकरा तारखेलाच कळलं होतं, दहा पंधराला, वहीत लिहितानाच. मी इथलीच. फॅक्टरी म्हणजे तिला कुठली म्हणायचीय आणि बत्रा कुठली समजले, दोन्ही कळलं. मग धडकेपर्यंतचे चाळीस सेकंद काहीच झालं नाही. माइक माझ्या हातात होता. मी बटण दाबलं नाही.