चाचणीचा डोळा

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा डोकं जड. उशीचा दोष, दुसरं काय!

दवाखान्यात कॅमेरा सुरू केला. रुग्ण यायच्या आधी चाचणी म्हणून स्वतःच्याच डाव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा, ही आमची दोघींची जुनी रीत. एक दिवस वन्सं, एक दिवस मी. नणंद-भावजय एकाच खोलीत नोकरीला आणि अजून झिंज्या शाबूत — साऱ्या दवाखान्याला नवल! आज पाळी त्यांची. पण त्या नेमक्या शिंकत सुटल्या, म्हणून मीच हनुवटी टेकवली. लख्ख उजेड झाला. मग कितीतरी वेळ भिंतीवर एक जांभळा गोळा तरंगत राहिला. मी त्याच्या मागे मागे गेले. कुठे गेले, कोण जाणे!

"उतर आता खाली. बाहेर रांग लागलीय," वन्सं म्हणाल्या.

मंगळवार, ५

इतकी वर्षं बघतेय, तरी पडदा बघताना मी हरवतेच. पिकल्या संत्र्याचा रंग, त्यावर शिरा — नदीला फाटे फुटावेत तशा. वन्संच्या डाव्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक राखाडी तीळ आहे. निरुपद्रवी. "माझा दागिना आहे तो," म्हणतात, "चोराला सापडायचा नाही."

बुधवार, ६

चष्मा घरभर शोधला. कपाळावर होता. "काखेत कळसा!" — वन्सं, अर्थातच.

गुरुवार, ७

मोठे डॉक्टर चहा पिता पिता नव्या संशोधनाबद्दल सांगत होते. संगणकाला पडद्याचा फोटो दाखवायचा; त्यावरून तो माणसाचं वय ओळखतो. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडं — त्यांचेही अंदाज बांधायला शिकतोय म्हणे. "अजून कच्चं आहे सगळं," हेही म्हणाले. पण चिरफाड न करता रक्तवाहिन्या अशा उघड्या दिसतात त्या डोळ्यातच, हे मात्र खरं.

घरी येताना येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळेच बघत राहिले. प्रत्येकाच्या आत एकेक संत्रं, आणि त्यात त्याच्या काळजाची खबर! सिग्नल कधी सुटला, कळलंच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, झोपलात का?"

शुक्रवार, ८

डॉक्टरांनी गंमत म्हणून सोमवारचा चाचणीचा फोटो त्या संगणकाला दाखवला. वर वन्संचं नाव. त्याने वय सांगितलं ते खऱ्याहून बरंच जास्त! सगळे हसलो. मग डॉक्टर हसायचे थांबले. शिरांचा एक तुकडा मोठा करून दाखवला.

"संगणकाचं सोडा. मलाच दिसतंय ते बघा. रोहिण्या बारीक झाल्यात. नीलांना ओलांडतात तिथे त्यांना दाबतायत. रक्तदाब तपासून घ्या, मॅडम. आजच."

"बघू," वन्सं म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

सासूबाई अशाच गेल्या. भाजी निवडता निवडता. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. त्यांच्या घराण्यातच आहे ते. मला बाई भीती वाटतेय.

शनिवार, ९

"वन्सं, बाही वर करा."

"मला काही धाड भरलेली नाही!"

दिवसभर हेच. यांना सांगितलं, तर म्हणाले, "ताईला कोण समजावणार? तूच बघ." बहीण यांची, आणि बघायचं मी!

रविवार, १०

स्वप्नात वन्संच्या डोळ्यात होडीतून चालले होते. संत्र्याच्या रंगाचं आभाळ, लाल पाणी, कसलाच आवाज नाही. इतकं सुंदर! मग नदी अरुंद होत गेली आणि होडी अडकली. जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं.

लग्न होऊन या घरात आले, तेव्हा "दमली असशील, जरा बस" म्हणणाऱ्या या एकट्याच. मला त्या हव्या आहेत. खूप वर्षं हव्या आहेत.

सोमवार, ११

आज हट्टालाच पेटले. "बाही वर केल्याशिवाय कॅमेरा सुरू होणार नाही!" रांग दारापर्यंत गेली. शेवटी त्यांनी रागारागाने हात पुढे केला. नर्सने पट्टा बांधला. रक्तदाब अगदी व्यवस्थित! पुन्हा मोजला. तेच.

"झालं समाधान? ठणठणीत आहे मी!"

डॉक्टर बुचकळ्यात पडले. मी मात्र सगळ्यांसमोर रडले — आनंदाने! संध्याकाळभर सगळं तरंगत होतं. दिवे, झाडं, मीसुद्धा.

मंगळवार, १२

रुग्ण यायच्या आधी गेल्या सोमवारचा तो फोटो पुन्हा उघडला. आज तुकडा नाही, पूर्ण फोटो. खालच्या कोपऱ्यात तीळ नाही.

त्या शिंका! वन्संनी स्वतःचं नाव आधीच टाकून ठेवलं होतं — आणि बसले मी.

त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. जाऊन पट्टा घेऊन आल्या.

"बाही वर कर."

आकडा त्यांनी मला वाचून दाखवला नाही. माझा हात मात्र सोडला नाही.