कानतुट्याचा खजिना कोणाच्या वाट्याला

मी, रहूमा बेन सासी, राहणार जेरबा बेट, हूमत सूकच्या बंदरामागे, धंदा आधी ऑक्टोपस धरणे आणि नंतर परदेशी पाहुण्यांना चाच्यांच्या गलबतातून फिरवून आणणे, हे माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे गुडघे गेले, दात गेले, पण डोके ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य दस्त लिहिणाऱ्या सी, म्हणजे श्रीयुत, बशीर यांनी घालायला लावले. मी त्यांना म्हणालो, "घालतो, पण एका गोष्टीपुरतं डोकं ठिकाणावर नाही." ते म्हणाले, "मग ती गोष्ट खाली घाला, वर नको." तेव्हा ती खाली येईल.

माझ्या माघारी दोन वारस आहेत. मुलगा शेदली, फ्रान्समध्ये मार्सेयला असतो. मुलगी यम्ना, माझ्याजवळ असते. नवरा गेल्यावर ती परत आली आणि तिच्या आईचे, म्हणजे माझ्या सालहाचे, अंथरुणातले सगळे तिनेच केले. आता माझेही करते, आणि बोलणीही खाते.

कलम पहिले, घर. घुमटाच्या तीन खोल्या, अंगण, अंजिराचे झाड आणि अंगणाखालचे पावसाच्या पाण्याचे टाके, हे सगळे यम्नाला मिळावे अशी माझी इच्छा आहे. नुसत्या इच्छेने होत नाही, हे मला माहीत आहे. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. वाटणी झाली की घर विकावे लागणार, कोणीतरी परदेशी माणूस घेणार, टाक्याचा पोहायचा हौद करणार, आणि माझी पोरगी भाड्याच्या खोलीत जाणार. वारसाला मृत्युपत्राने जास्त द्यायचे तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. सी बशीर म्हणतात की ती संमती मी मेल्यावरच खरी धरतात. पण शेदलीने आज माझ्यासमोर सही केली तर उद्या बहिणीच्या तोंडावर शब्द फिरवणार नाही. तेवढा तो माझा आहे.

सही फुकट कोण करतो? म्हणून कलम दुसरे.

कलम दुसरे, खजिना. कानतुट्या नावाच्या चाच्याने पुरलेला संपूर्ण खजिना, तो जिथे असेल तिथे, मी माझा मुलगा शेदली याला देत आहे.

इथे सी बशीरनी लेखणी खाली ठेवली. "हाजी, जे हातात नाही ते देता येत नाही."

"घर तरी कुठे हातात धरलंय मी?"

"खजिना आहे का, एवढं सांगा."

हीच ती गोष्ट, जिच्यापुरते माझे डोके ठिकाणावर नाही. आता नीट लिहितो.

ऑक्टोपसचा धंदा बसला तेव्हा मी होडीला लाकडी तोफा लावल्या, काळा झेंडा लावला आणि पाहुण्यांना पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर नेऊ लागलो. वाळूत पितळेची नाणी आधीच पेरून ठेवायचो. पाहुण्यांची पोरे उकरून काढायची, आईबाप टाळ्या वाजवायचे. जाताना मी कानतुट्याची हकीकत सांगायचो. एक कान तुटलेला तांडेल, तुर्कांनाही भ्यायचा नाही, स्पेनच्यांनाही नाही, आणि मरताना खजिना कुठे पुरला ते बायकोलाही सांगितले नाही. हकीकत मी रचली. रचली असावी. की माझ्या बापाने सांगितली होती? बापही थापाड्याच होता, त्यामुळे तिथूनही उलगडा होत नाही.

मग एके साली घरापुरती सोडलेली मातीची मडकी वर ओढत होतो. आम्ही मडकी दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतो, ऑक्टोपस घर समजून आत शिरतो आणि सुखाने बसतो. एका मडक्यात ऑक्टोपससोबत एक नाणे निघाले. काळे पडलेले, हाताला जड. ऑक्टोपसला मिळेल ते घरात नेऊन ठेवायची खोडच असते, तेव्हा माझेच पितळी नाणे त्याने वाळूतून उचलले असेल. पण पितळ इतके जड लागते का? सोनाराकडे नेऊ म्हणता म्हणता राहिले. सालहा म्हणायची, "नका नेऊ. पितळ निघालं तर तोंड पाडून बसाल आणि सोनं निघालं तर झोप जाईल." म्हणून ते मिठाच्या बरणीत पडून आहे.

त्यावर कडी म्हणजे दोन वर्षांमागे पश्चिमेकडून एक फकीर आला, खजिन्यावरचे जिन्न उतरवणारा. अंगणात धूप जाळला आणि म्हणाला, "एक कान नसलेल्या माणसाने तुझ्या टाक्याच्या पायाशी ठेव पुरली आहे." आता कानतुट्या माझा. माझीच थाप फिरत फिरत माझ्या दारात आली आणि मलाच सांगू लागली. पण टाक्याचे मी कधी कोणाला बोललो नव्हतो. बोललो होतो का? यम्नाला विचारले तर म्हणते, "बाबा, तुम्ही कोणाला काय बोलला नाहीत ते सांगा, ते सोपं पडेल." तिने फकिराला एक भाकरी देऊन वाटेला लावले.

तेव्हा खजिना असल्यास शेदलीचा आणि नसल्यासही शेदलीचा. अट एकच, की टाक्याला कुदळ लावायची नाही. टाके फुटले तर उन्हाळ्यात यम्ना काय पिणार?

मला हे लिहिताना लाज वाटते. आवळा देऊन कोहळा काढावा तसा मी पोटच्या पोराकडून घर काढतो आहे, आणि आवळा तरी खरा आहे की नाही कोण जाणे. पण खरा असला तर मी त्याला राजा करतो आहे. रात्रंदिवस दोन्ही पटते.

कलम तिसरे. मडकी, दोऱ्या आणि लहान होडी यम्नाची. मडकी गेल्लालाच्या अमूर कुंभाराचीच घ्यावीत, दुसऱ्याच्या मडक्यांच्या काठाने हात कापतो. ऑक्टोपस बाहेर येत नसेल तर चिमूटभर मीठ टाकावे, मडके आपटू नये. माझा काळा झेंडा जुम्माला द्यावा. त्याने माझे बघून चाच्यांचे गलबत काढले, वर प्लास्टिकचा सापळा बसवला आणि माझी गिऱ्हाईके ओढली. त्याचा झेंडा फाटला आहे, लोक हसतात. मेल्यावर तरी माझ्या झेंड्याखाली वल्हव म्हणावे.

पुढचे आज दुपारी घडले, तेही सी बशीरना लिहायला लावतो आहे.

शेदली काल रात्रीच्या बोटीने आला. जेवण झाल्यावर त्याला हे सगळे वाचून दाखवले. यम्ना चूल पुसत होती, पुसलेलीच परत पुसत होती. शेदली म्हणाला, "बाबा, कानतुट्याचा कोणता कान तुटला होता?"

"डावा."

"का डावा?"

"पहिल्यापासून डावाच सांगत आलो," मी म्हणालो.

"आपल्या गाढवाचा डावा तुटला होता म्हणून," तो म्हणाला. "पहिल्याच फेरीला जर्मन बाईने विचारलं, तो चाचा दिसायचा कसा, तेव्हा तुमची बोबडी वळली होती. मी सुकाणूवर होतो. मी मागून म्हणालो, सांगा, एक कान नव्हता. टाक्याचंही मीच जुम्माला सांगितलं होतं, मला त्याला रात्री आपल्या भिंतीवरून डोकावताना बघायचं होतं म्हणून. त्याच्याकडूनच ते फकिरापर्यंत गेलं असणार."

यम्नाचा हात थांबला. मी म्हणालो, "म्हणजे खजिना नाही, हे तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक आहे ते राहू द्या. सही कुठे करू?"

"अरे, मग तुझ्या वाट्याला काय आलं?"

"कानतुट्या आला. तो मीच दिला होता, आता परत घेतो." मग यम्नाकडे न बघता म्हणाला, "आणि ताई, आजपासून टाक्याचं झाकण नीट लावत जा, मांजर पडतं."

मी मिठाची बरणी मागवली आणि नाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते तळव्यावर तोलले आणि माझ्याकडे पाहिले. मला वाटले की त्यालाही ते जड लागले. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आता कानतुट्या त्याचा म्हणावा, तर माझ्या बापाने अंगणात बसून सांगितलेला कान नसलेला माणूस कोण होता? की तो मला आत्ताच आठवू लागला आहे? सी बशीर म्हणतात, इथे थांबा.

हे मी वाचून, ऐकून आणि जमेल तेवढे समजून मान्य केले आहे. आधी कुठे काही लिहिले असल्यास ते रद्द.

ठिकाण: हूमत सूक, जेरबा. सफर महिना, ऑक्टोबर २०१९, दुपारच्या नमाजानंतर.

लिहून देणार: रहूमा बेन सासी (सही)

साक्षीदार: बशीर बेन मन्सूर, दस्त लिहिणारे (सही)
साक्षीदार: अमूर बेन खलीफा, कुंभार, गेल्लाला (अंगठा, चिखलासकट)

वारस यम्ना: वाचले. (सही)

वारस शेदली: घर बहिणीला, मान्य. खजिना पावला. (सही)