रांजणाला पाणी

कॅल्युमेट, मिशिगन
३ मार्च

प्रिय आयली,

तू बरी असशील. मी बरा आहे. बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलाय. शनिवारी वाफेच्या अंघोळीची सौनाची खोली तापवली, तर शेजारचा वायनो आला. प्रेमाने नाही, त्याच्या घरातला बंब फुटलाय म्हणून.

तुझं पत्र मिळालं. मोंटानात कायमची नोकरी देताहेत, चांगलं झालं. मडकी भाजायची भट्टीही मोठी आहे म्हणतेस.

तुझ्या अर्धवट राहिलेल्या रांजणाचं विचारलं होतंस. ऑक्टोबरात दोन आठवड्यांसाठी म्हणून गेलीस, तेव्हा तो गॅरेजमध्ये होता. थंडीत माती गोठली असती, म्हणून वायनोने आणि मी तो उचलून स्वयंपाकघरात आणला. भिंती ओल्या, पण बाहेरून तू आधाराला लावलेला डांबरी कागद होता, म्हणून ढासळल्या नाहीत. छपरं शाकारून उरलेला माझाच कागद. तू कापून नेलास तेव्हा मी केवढी बोंब मारली होती!

आता तो टेबलाशी आहे, तुझ्या खुर्चीवर. रोज सकाळी प्लास्टिक काढून पाण्याचा फवारा मारतो.

वायनो म्हणाला, "अरे आर्वो, जन्मभर हा कागद ठोकून लोकांच्या घरात थेंब येऊ दिला नाहीस, आणि आता त्यालाच पाणी पाजतोस?"

"माती सुकेल."

"मग सुकू दे की, लेका! मडकं आहे, रोपटं नाही."

मी त्याला कॉफी दिली.

तू लिहितेस, "बाबा, माती चामड्यासारखी घट्ट लागली की कागद सोलून टाक. नाहीतर मोडून बादलीत भिजत घाल." कळलं. कागद तसाच राहून माती सुकली तर तडकेल, तेही कळलं. पण घट्ट लागायला आली की मी पाणी मारतो.

काल बर्फ उपसण्यात फवारा राहून गेला. संध्याकाळी पाहिलं, तर एका बाजूचा कागद आपसूक सुटला होता. आतली भिंत उभी होती. कागदावाचून. मी बराच वेळ पाहत बसलो.

मग पाणी मारलं आणि कागद परत दाबून बसवला. जरा जोरात दाबला गेला. काठाजवळ माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

तो मला नीट करता यायचा नाही. तुला येईल, माती ओली आहे तोवर.

पाणी देतो आहे.

बाबा