बेडकांची बादली

४ मार्च

बेडूक! टँकमध्ये बेडूक!

वन्संची किंकाळी ऐकून हातातलं पातेलं तसंच टाकून मागच्या अंगणात धावले. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होती ही बाई. रक्त, जखमा, काय काय पाहिलेली! आणि एका बेडकापायी अंगणातल्या खुर्चीवर चढून उभी. मला हसू आवरेना. हे गेल्यापासून पहिल्यांदाच हसले आणि ते लक्षात आल्याबरोबर रडूच कोसळलं. वन्सं वरूनच म्हणाल्या, "हसून घ्या, रडूनही घ्या. पण आधी तो काढा!"

एक कुठला, चांगला गोतावळा आहे. ह्यांच्या माघारी टँककडे कोणी पाहिलंच नाही. पाणी हिरवंगार झालंय, कोपऱ्यात पानं कुजलीत. हे असताना पाण्यात साधी काडी तरंगत नसे. अर्ध्या गावाच्या पोरांना ह्यांनी याच टँकमध्ये पोहायला शिकवलं — गळ्यात शिट्टी, हातात लांब दांड्याची जाळी. आणि बायकोला? "पुढच्या उन्हाळ्यात नक्की!" बत्तीस उन्हाळे गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

६ मार्च

वन्सं म्हणतात, टँक बुजवायचा! माती भरायची, वर झाडं लावायची. डंपरवाल्याशी बोलणंही झालंय म्हणे. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आत्या म्हणतेय तसं कर ना." म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं. मला विचारतंय कोण!

मी जेवले नाही. सख्ख्या भावाची एवढी एक खूण उरली, ती बहिणीनेच मातीत घालायची? ह्यांचे कपडे दिले, चष्मा दिला, मी हूं का चूं केलं नाही. पण टँक नाही. त्या पाण्यापाशी गेलं की हे आत्ता येतील, जाळी मागतील असं वाटतं. तो बुजला की मग हे खरोखरच गेले.

संध्याकाळी वन्सं दारात येऊन म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र आहे. जिवंत जिवावर माती पडता कामा नये. आधी ते बेडूक हलवा, शेवटचा हलला की मी डंपरवाल्याला फोन करते. आणि मला सांगू नका, मी त्यांच्या जवळपासही जाणार नाही."

७ मार्च

म्हणजे बेडूक आहेत तोवर टँक आहे.

१० मार्च

बेडूक धरणं सोपं नाही! ह्यांची जाळी घेतली. पहिल्या दिवशी जाळीत नुसता पाला. आता जमायला लागलंय — मागून जायचं, आणि जाळी पाण्यात नाही, पाण्याच्या वर धरायची. तो आपणच उडी मारून आत येतो. बादलीत घालायचा, वर ओला टॉवेल. बेकरीच्या मागे डबकं आहे तिथे नेऊन सोडायचा.

बेकरीवाल्याने विचारलं, "काकू, बादलीत मासे का?"

म्हटलं, "बेडूक."

त्याने पाव बांधता बांधता माझ्याकडे नीट पाहून घेतलं. बिचारी, नवरा गेल्याचा धक्का — असंच मनात आलं असणार त्याच्या.

एक मोठा आहे तो मात्र हाती लागत नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर गळा फुगवून बसतो, सगळ्यांवर नजर ठेवून. त्याचं नाव मुख्याध्यापक ठेवलंय.

१३ मार्च

आज टँकमध्ये मुख्याध्यापक धरून तीनच उरले. डोळ्यांपुढे डंपर दिसायला लागला.

डबक्यावर गेले. दोन सोडले. आणि — लिहू का? — चार घेऊन परत आले. ओल्या टॉवेलखाली झाकून! काळजाची धडधड अशी, जसं काही दागिनेच चोरले. वन्सं अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "झालं का काम?" म्हणाल्या. म्हटलं, "झालं की." चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं बादलीतून आता आवाज येणार. पण चारही शहाणे. तोंड मिटून बसले.

१४ मार्च

"वहिनी, कमी व्हायच्याऐवजी वाढलेत हो हे!"

"वास काढत परत येतात म्हणतात, वन्सं."

म्हणतात कोण? मीच.

१९ मार्च

रोजची फेरी झालीय माझी आता. दोन न्यायचे, दोन-तीन आणायचे. चालून आलं की सपाटून भूक लागते. आज बेकरीतून गरम पाव घेतला आणि रस्त्यातच अर्धा संपवला, या वयात!

संध्याकाळी टँकच्या काठावर बसले, पाय पाण्यात सोडून. मुख्याध्यापक समोर. छान वाटत होतं. तेवढ्यात वन्सं हजर, चहाचा कप घेऊन. दरवेळी हेच! मागच्या दाराची कडी वाजली की इकडे चहा उकळलाच. चहा नको झालाय मला. म्हटलं, "वन्सं, जरा एकटीला बसू द्या ना."

"बसा की," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

शेवटी मीच म्हटलं, सोडा तुम्हीही पाय पाण्यात. तर म्हणे, "नको बाई, सर्दी होते." हे जुनंच. सुट्टीला यायच्या तेव्हाही सगळे पाण्यात आणि या काठावर, सगळ्यांचे टॉवेल सांभाळत. एवढ्या मोठ्या प्रशिक्षकाची बहीण आणि कायम सर्दी!

नणंद कसल्या, वॉर्डावरच्या पहारेकरीण आहेत नुसत्या.

२२ मार्च

वन्संना खोकला झाला. काढा करून दिला. "बेडकासारखा आवाज झालाय तुमचा" म्हटलं तर रुसल्या.

२५ मार्च

पकडले गेले.

पाव आणायला वन्सं स्वतः गेल्या होत्या. आल्या त्या सरळ माझ्यासमोर बसल्या. "बेकरीवाला विचारत होता, तुमच्या वहिनींची बादली जाताना भरलेली, येतानाही भरलेली. धंदा काय काढलाय?"

मी म्हटलं, काहीतरीच काय!

"वहिनी, मांजर डोळे मिटून दूध पितं. बाकीचे डोळे उघडे असतात. मला काय आज कळलंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ताटावर नुसत्या बसून उठायच्यात. आता वाढायला मागता. दोन महिने उंबरा ओलांडला नव्हता, आता रोज डबक्यापर्यंत जाऊन येता. म्हटलं, आणेनात का बेडूक! मला भीती वाटते तर मी दार लावून बसेन."

मला राग यायला हवा होता की नको, कळेना. आला मात्र. म्हटलं, एवढी माया आहे तर टँक कशाला बुजवताय? तुमच्या भावाचा जीव होता त्यात. त्याची आठवणही नको झालीय तुम्हाला?

वन्संनी हातातल्या रुमालाची घडी केली, मोडली, परत केली.

"दादासाठी नाही बुजवत. तुमच्यासाठी."

मग सांगितलं. हे गेले त्याच आठवड्यातली पहाट. वन्सं पाणी प्यायला उठल्या तर मागचं दार उघडं. मी खोल बाजूच्या शिडीवर उभी होते. गाऊन कमरेपर्यंत पाण्यात. "हाक मारावी तर तुम्ही दचकाल, हात सुटेल. म्हणून चपला काढल्या, आवाज नको म्हणून, आणि काठापर्यंत आले. मग हळूच म्हटलं, वहिनी, चहा ठेवलाय."

मला तो चहाच आठवतो. कडक होता आणि साखर विसरल्या होत्या. तोवरचं काही आठवत नाही म्हणत आलेय. ह्यांची शिट्टी पाण्यात पडली होती, ती शोधायला उतरले, असं स्वतःला सांगत आलेय. शिट्टी तर स्वयंपाकघरात खिळ्यालाच होती. आजही आहे. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं ते आज लिहिते — त्या पहाटे मला वर यायचं नव्हतं.

"अगं, वॉर्डात जन्म गेला माझा," वन्सं म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'अगं'! "तसे डोळे मी ओळखते. दादा गेला, मी काही करू शकले नाही. आता तू पण... कडी वाजली की मला घरात बसवत नाही. म्हणून तो मेला चहा."

मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. आम्ही दोघी इतक्या रडलो, इतक्या रडलो! मी म्हटलं, "आता नाही हो तसं काही. खरंच नाही. मी नसले तर बेडूक कोण नेईल?"

"आणि आणेल कोण!" त्या म्हणाल्या. नाक पुसत हसत होत्या.

झोपताना एक विचार आला आणि बरं वाटलं. त्या पहाटे माझा हात सुटला असता तरी वन्संनी मला काढलंच असतं. एका घरात वाढलेली दोघं भावंडं. ह्यांच्यासारख्याच पोहत असणार.

२६ मार्च

डंपरवाल्याला वन्संनी नको म्हणून फोन केला. त्यावर मला अट — पोहायला शिकायचं. "येत असलं म्हणजे मला झोप लागेल." ह्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता शाळेत पोहणं शिकवते. ती म्हणाली, टँक साफ करा, मी येते.

२९ मार्च

साफ कसला करता! पाण्यात अंडी आहेत. काळे ठिपके, चिकट पुंजकेच्या पुंजके. वन्सं ह्यांचं भिंग घेऊन लांबूनच बघतात आणि म्हणतात, "प्रसूती झाल्याशिवाय वॉर्ड रिकामा करता येत नाही."

२१ एप्रिल

शेपट्या आल्या. सकाळी उठल्या उठल्या वन्सं आधी तिकडे जातात. मी चहा घेऊन मागे.

१८ मे

पिल्लांना पाय फुटले, शेपट्या गेल्या. आज शेवटची बादली. जड होती म्हणून कडी दोघींनी धरली. वन्संचे डोळे घट्ट मिटलेले, रस्ता मी सांगत होते. मुख्याध्यापक शेवटपर्यंत हाती लागले नव्हते, आज आपणहून बादलीत येऊन बसले. डबक्यात सोडताना मला गलबलून आलं. बेकरीवाला म्हणाला, "काकू, आज रिकामी?" म्हटलं, "आज रिकामी."

२९ मे

टँक घासला, नवं पाणी भरलं. तळ दिसतोय. हे असते तर जाळी घेऊन उगाचच एक फेरी मारली असती. मी मारली.

२ जून

पहिला धडा. उथळ बाजू, पाणी छातीपर्यंत. मी काठावरच अडून बसले. "तुम्ही उतरल्याशिवाय मी उतरणार नाही" म्हणून वन्संनाही ओढलं. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. ओठ पांढरे, डोळे मिटलेले. म्हटलं, "वन्सं, सर्दी की काय?"

"सर्दी कसली! लहानपणी दादाने शिकवायचा प्रयत्न केला, नाकातोंडात पाणी गेलं, त्यानंतर मी कधी पाण्यात पाऊल घातलं नाही. मला कुठे पोहता येतंय!"

मी म्हटलं, "मग त्या पहाटे चपला काढून काठावर...?"

"मग काय, नुसती बघत उभी राहिले असते?"